एन्ड्युरन्स रायडिंग: शेवटचा शब्द घोड्याच्या डॉक्टरचाच असावा ना?

टापटीप:
मंडळी, घोड्यांवर इथे फारसे धागे निघत नाहीत, निघाले तर सारंगखेड्याच्या बाजारात कुठला घोडा कितीला गेला यावर निघतात, म्हणून जरा वेगळा विषय घेऊन आले आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या बाजूला राहतो. जवळच ऑबर्न गाव आहे, तिथे दरवर्षी टेव्हिस कप संपतो. घोड्यावरून १०० मैल, म्हणजे १६० किमी, २४ तासांत. ताहो सरोवराच्या अलीकडच्या डोंगरातून पहाटे सव्वापाचला निघायचं, सिएरा नेवाडा ओलांडायची, उन्हाने तापलेल्या दऱ्या उतरायच्या-चढायच्या, रात्री अमेरिकन रिव्हर नावाची नदी घोड्यावरून पार करायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचच्या आत ऑबर्नच्या मैदानात पोचायचं. १९५५ पासून चालू आहे. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोचतात, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांना वाटेतल्या व्हेट चेकवर, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरांच्या तपासणी नाक्यावर, थांबवलेलं असतं. मी अशा एका चेकवर स्वयंसेवक म्हणून जाते. डॉक्टर तपासत तपासत बोलतात आणि मी कार्डावर लिहून घेते.

तर प्रश्न असा. घोडा छान गवत खातोय, कान टवकारलेले, डोळे चमकदार, ठोकेही उतरलेत, पण दुडकीत पळवून दाखवल्यावर मागचा एक पाय दर पावलाला जरासा चुकतोय. संपलं, बाद. स्वाराची वर्षभराची तयारी, पैसे, सुट्ट्या सगळं तिथेच थांबतं आणि त्यावर अपील नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे असंच हवं. नवरा क्रिकेटवाला, त्याचं म्हणणं अंपायरवर सुद्धा डीआरएस असतो मग इथे एका माणसाच्या नजरेवर सगळं कसं सोडता. तुम्हाला काय वाटतं?

केतकी_पु:
मस्त विषय! पण आधी हे सांग की तपासतात म्हणजे नक्की काय बघतात? ताप? बीपी? घोड्याचं बीपी घ्यायला केवढा पट्टा लागेल हाहा

टापटीप:
बीपी नाही गं. सगळ्यात आधी नाडी. घोडा चेकवर पोचला म्हणून स्वाराचं घड्याळ थांबत नाही, घोड्याचे ठोके ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरले की मगच तो "आत आला" असं धरतात आणि जिथे सक्तीचा थांबा असतो तिथे तो तेव्हापासून मोजतात. टेव्हिसमध्ये रॉबिन्सन फ्लॅट आणि फॉरेस्टहिल अशा दोन ठिकाणी एकेक तासाचा थांबा आहे, बाकी ठिकाणी तपासून लगेच सोडतात. त्यामुळे शेवटचे दोन किलोमीटर घोडा पिटाळत आणून काडीचा फायदा होत नाही, तुम्ही पाणी मारत उभे राहता आणि मागून निवांत आलेला तुमच्या आधी आत जातो. जाणते स्वार म्हणूनच चेक जवळ आला की खाली उतरतात, खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) सैल करतात आणि घोड्याबरोबर चालत येतात. हे बघायला मला फार आवडतं.

मग डॉक्टर हिरडीवर अंगठा दाबून बघतात, पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, ती लगेच सपाट झाली तर अंगात पाणी आहे. पोटाला दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली, स्टेथो लावून आतड्याचे आवाज ऐकतात. पाठीवर हात फिरवतात, खोगिराखाली दुखतंय का, तंगाने सोललंय का. प्रत्येक गोष्टीला ए बी सी डी असे शेरे. आणि शेवटी ट्रॉट, म्हणजे सैल दोरीवर घोडा सरळ पळवत न्यायचा आणि आणायचा. लंगड असेल तर तिथे दिसते.

निळू_फलटण:
वाचतोय. घोड्याचे ठोके किती असतात नॉर्मली?

पशुवैद्य_परभणी:
आरामात असताना मिनिटाला साधारण ३० ते ४०. जोरात पळताना २०० च्याही वर जातात. एफईआयच्या म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शर्यतीत मधल्या चेकवर १५ मिनिटांत ६४ आणि शेवटी २० मिनिटांत ६४ ही मर्यादा सर्वसाधारणपणे धरलेली आहे. टेव्हिससारख्या अमेरिकन राइड्सना मुख्य डॉक्टर हवामान आणि रस्ता बघून आकडा आदल्या दिवशी जाहीर करतात.

टापटीप ताईंनी बरंच सांगितलंय, मी फक्त "का" ते सांगतो कारण त्यातच गंमत आहे. आपल्या घामात रक्तापेक्षा मीठ कमी असतं, म्हणून घाम गेला की रक्त खारट होतं आणि मेंदू तहान लावतो. घोड्याचा घाम जवळजवळ रक्ताइतकाच खारट, कधी त्याहून जास्त. उन्हात जोरात काम करणारा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम टाकू शकतो, पण पाणी आणि मीठ बरोबरीने जातं त्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा बदलत नाही आणि घोड्याला तहानच लागत नाही. आतून सुकलेला घोडा पाण्याच्या टाकीपुढे उभा राहून तोंड फिरवतो. मालकाला वाटतं त्याला नकोय म्हणजे ठीक असेल. म्हणून हिरड्या, कातडी, मानेवरची शीर दाबून ती किती वेळात भरते, हे सगळं बघावं लागतं.

दुसरं म्हणजे आतडी. पळताना रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्यांना कमी मिळतं. आवाज मंदावले तर सावध व्हायचं, अगदी शांत झाले तर पोटशूळ दाराशी आलाय असं समजायचं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटाचं दुखणं त्याला जिवावर बेतू शकतं.

आणि एक विलक्षण लक्षण असतं, ते प्रत्यक्ष बघितलं की विसरत नाही. कुशी उचकी लागल्यासारखी उडते, आणि स्टेथो लावला तर लक्षात येतं की ती प्रत्येक ठोक्याबरोबर उडते आहे. रक्तातलं कॅल्शियम आणि बाकी क्षार घसरले की छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याकडे जाणारी नस, जी हृदयाच्या अगदी जवळून जाते, ती हृदयाच्या विजेनेच चेकाळते. इंग्रजीत याला थम्प्स म्हणतात. असा घोडा तिथल्या तिथे थांबवायचा, त्यावर चर्चा नाही.

केतकी_पु:
बापरे डॉक्टर, तहानच लागत नाही हे माहीतच नव्हतं. मग पाजतात कसं?

पशुवैद्य_परभणी:
वाटेत थोडे थोडे क्षार देतात, तोंडात पिचकारीने किंवा ओल्या खाण्यात कालवून. मीठ गेलं की तहान लागते. पण पाणी जवळ नसताना नुसतं मीठ कोंबलं तर उलटा त्रास होतो, तेवढं भान हवं.

बंडूनाना:
सगळं वाचलं. विद्वत्तेबद्दल आदर आहे पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. मुक्या जनावराला १६० किलोमीटर पळवायचंच कशाला? आधी मरेस्तोवर दामटायचं आणि मग दहा डॉक्टर उभे करायचे, ही कसली दया? ज्याला इतकी हौस आहे त्याने स्वतः पळावं.

सह्याद्रीधाव:
नाना, तुम्ही म्हणताय ते खरोखर झालंय! आम्हा लांब पळणाऱ्यांच्यात ही गोष्ट फार प्रिय आहे. गॉर्डी एन्स्ली नावाचा माणूस टेव्हिस घोड्यावरून करायचा. १९७३ साली त्याचा घोडा लंगडला आणि वाटेतल्या चेकवर त्याला थांबवलं. पुढच्या वर्षी, १९७४ ला, तो घोडा न घेताच घोड्यांच्या बरोबरीने उभा राहिला आणि तीच १०० मैलांची वाट पायी पळून २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नला पोचला. त्यातूनच पुढे वेस्टर्न स्टेट्स ही जगप्रसिद्ध शंभर मैली शर्यत उभी राहिली. म्हणजे आज जगभर जे लोक १०० मैल पळतायत त्याचं मूळ एका व्हेट चेकमध्ये आहे असं मी तरी मानतो. आमच्याकडेही वाटेत डॉक्टर असतात, पण आमचा माणूस "मी ठीक आहे" असं खोटं सांगू शकतो. घोडा सांगत नाही.

मावळमाती:
सह्याद्रीधाव, भारी माहिती!! हे माहीत नव्हतं.

नानांच्या मुद्द्यावर. घोड्याची जात लांब चालण्यासाठीच घडलेली आहे. आपल्या मराठी फौजा भीमथडी तट्टांवर किती लांब लांब मजला मारायच्या ते सगळ्यांना माहीत आहे. पुणे, सातारा, सोलापूर, नगर भागात धनगर मंडळी अजूनही ही घोडी घेऊन मेंढरांबरोबर शेकडो किलोमीटर चालतात, आणि अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही झाली. लांब चालणं म्हणजे छळ असं सरसकट म्हणता येणार नाही.

बंडूनाना:
चालणं आणि शर्यत यात फरक आहे मावळमाती. धनगर घड्याळ लावून बक्षिसासाठी पळवत नाही. घोडं दुखावलं तर त्याचाच संसार अडतो.

अबूधाबीकर:
नानांचं म्हणणं मी इतक्यात झटकणार नाही. इथे वाळवंटातल्या शर्यती मी जवळून बघतो. सपाट वाळू, त्यामुळे वेग प्रचंड, पुढचे घोडे तासाला २५ किमीच्या वर सरासरी ठेवतात, बाजूने गाड्यांचा ताफा, गाडीतून बाटल्या पुढे करायच्या, स्वाराने पळता पळता घोड्याच्या मानेवर ओतायच्या. टेव्हिसच्या डोंगरात घोडा दमला की आपसूक चालतो, इथे जमिनीने अडवणारं काही नाही. घोड्यांच्या दुखापती आणि नियम न पाळणं यावरून एफईआयने मार्च २०१५ मध्ये यूएईच्या महासंघालाच काही महिने निलंबित केलं होतं. तेव्हाही व्हेट गेट (वाटेतले तपासणी नाके) होते, डॉक्टर होते, स्टेथो होते. म्हणजे तपासणी आहे म्हणून सगळं आलबेल असं नाही.

पण याच अबू धाबीत बूथीबच्या शर्यतींनी वेगळी वाट काढली. ठोके ६४ ऐवजी ५६ वर आणायचे आणि वेगाला ताशी २० किमीची मर्यादा. बक्षिसंही फक्त पहिल्याला नाहीत, घोडा चांगल्या अवस्थेत आणणाऱ्यांनाही. आकडा आठने खाली आणला की स्वार आपोआप सावकाश येतो, कारण घोडा तापवून आणला तर ५६ येतच नाहीत. मला वाटतं खरं उत्तर इथे आहे. डॉक्टरची नजर कितीही तीक्ष्ण असू दे, नियम असे हवेत की घोडा त्या अवस्थेला पोचूच नये.

टापटीप:
अबूधाबीकर, पटलं. पण फक्त आकडा कडक करून भागत नाही असंही वाटतं. बर्फाचं पाणी धबाधबा ओतलं की ठोके झपकन उतरतात, दारातून आत शिरताना ५८ आणि पाच मिनिटांनी परत ७०, असे घोडे बघितलेत.

पशुवैद्य_परभणी:
अगदी बरोबर, आणि त्यावरचा उपाय फार सुंदर आहे. केरी रिजवे नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने रूढ केला, त्याच्याच नावाने रिजवे ट्रॉट म्हणतात. आधी ठोके मोजायचे. मग घड्याळ चालू करून घोडा साधारण ४० मीटर पळवत न्यायचा, परत आणायचा. घड्याळात एक मिनिट झालं की पुन्हा मोजायचे. धडधाकट घोडा तेवढ्या पळण्यातून मिनिटभरात सावरतो, दुसरा आकडा पहिल्याइतकाच किंवा खाली. दुसरा चारपेक्षा जास्तीने वर असेल तर कुठेतरी बिघाड आहे, दुखणं, थकवा किंवा पाणी कमी. ६० आणि ६० आलेला घोडा मला ५२ आणि ६० आलेल्या घोड्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. गार पाण्याने पहिला आकडा पाडता येतो, दुसरा पाडता येत नाही.

निळू_फलटण:
हे आपल्याकडे बैलगाडा शर्यतीला केलं तर? सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये कायदा मान्य केला पण अटींसकट, डॉक्टरची तपासणी त्यात आहेच. मी बघतो तेव्हा मात्र तपासणी म्हणजे सकाळी एक कागद.

मावळमाती:
अवांतर होतंय निळूभाऊ, पण बैलगाडा काही सेकंदांचा खेळ, त्याला रिजवे ट्रॉट कसा लावणार? तिथे चाबूक, शॉक, औषध याची तपासणी हवी. वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला :)

खोगीर_आणि_मी:
पुण्याजवळ घोडेस्वारी शिकते. आपल्याकडच्या एका छोट्या लांब पल्ल्याच्या राइडला गेले होते, कुणी भरवली ते सांगत नाही. तपासणी होती म्हणायला. डॉक्टर एकच, घोडे पुष्कळ, ठोके मोजले ते १५ सेकंद मोजून चारने गुणून, ट्रॉट उताराच्या खडीवर. खडीवर कुठलाही घोडा पाय आखडून टाकतो, मग लंगड कुठली आणि खडी कुठली हे कसं कळणार? माझी घोडी पास झाली पण मला समाधान वाटलं नाही. टापटीप, तुमच्याकडे जमीन कशी असते?

टापटीप:
सपाट आणि टणक. आदल्या दिवशी स्वयंसेवक दगड वेचतात. लोकांना हे काम क्षुल्लक वाटतं पण डॉक्टर सगळ्यात आधी तेच बघतात. आणि दोरी सैल हवी, काही जण नकळत घोड्याचं डोकं आवळून धरतात. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला लागताना घोडा डोकं वर झटकतो, ती झटक दिसली पाहिजे. डोकं धरलेलं दिसलं की डॉक्टर "सोडा आणि परत आणा" म्हणतात.

अबूधाबीकर:
लपवण्याचा विषय निघालाय तर. नस बधिर करून लंगड झाकण्याचे प्रकार या खेळात झाले आहेत म्हणूनच एफईआय पायाची संवेदना तपासण्याची पद्धत वापरते. दुखणं हा घोड्याचा एकमेव निरोप असतो, तोच बंद करून त्याला पळवणं याच्याइतकं हीन काही नाही. असले लोक कायमचे बाहेर काढायला हवेत.

बंडूनाना:
या वाक्याला माझं शंभर टक्के अनुमोदन.

केतकी_पु:
भारतातून कुणी करतं का हा खेळ?

खोगीर_आणि_मी:
हो तर! केरळची निदा अंजुम चेलाट. २०२३ मध्ये फ्रान्समध्ये कास्टेलसाग्राला तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत १२० किमी पूर्ण करणारी पहिली भारतीय, आणि २०२४ ला माँपाझिएला मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत १६० किमी पूर्ण. "पूर्ण" म्हणजे प्रत्येक व्हेट गेट आणि शेवटची तपासणी पास, म्हणून त्या शब्दाला इतकं वजन आहे. आम्ही सगळ्यांनी तो दिवस फोनला चिकटून काढला होता.

सह्याद्रीधाव:
रेषा ओलांडल्यावरही तपासणी?

टापटीप:
हो. "पुढे जायला योग्य" हा निकष शेवटच्या रेषेनंतरही लागतो. १६० किमी संपलेत, पण घोडा अजून पुढे जाऊ शकेल अशा अवस्थेत हवा. पहिला येऊन या तपासणीत बाद झालेले स्वार आहेत, त्यांच्या नावापुढे विजय लागत नाही. टेव्हिसमध्ये त्याहून मानाचा मला हॅगिन कप वाटतो, १९६४ पासून देतात. पहिल्या दहांत आलेल्यांपैकी ज्याचा घोडा सगळ्यात उत्तम अवस्थेत आहे त्याला. सकाळी ते दहा घोडे परत तपासायला आणतात, सगळं गाव बघायला येतं. शर्यत जिंकणारा आणि हॅगिन कप घेणारा घोडा वेगळा असणं इथे नेहमीचंच.

अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स संघटनेचं, एईआरसीचं, ब्रीदवाक्यच आहे, पूर्ण करणं म्हणजे जिंकणं.

पशुवैद्य_परभणी:
मूळ प्रश्नाकडे येतो कारण तो राहूनच गेला. टापटीप, तुमच्या यजमानांना सांगा की डीआरएस आहे, फक्त निकाल लागण्याआधी आहे. ठोके जास्त आले तर ठरलेल्या वेळेत घोडा पुन्हा एकदा आणता येतो. चालीबद्दल शंका असेल तर एफईआयमध्ये तीन डॉक्टरांचं मंडळ परत ट्रॉट बघतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला न सांगता स्वतंत्र मत देतो, बहुमताने निकाल. त्यानंतर अपील नाही, आणि ते नसणंच बरोबर आहे. क्रिकेटमध्ये निर्णय चुकला तर एक विकेट जाते. इथे लंगडा घोडा "संशयाचा फायदा" देऊन सोडला आणि पुढच्या दरीत त्याचा पाय मोडला तर तो निर्णय परत फिरवता येत नाही. धडधाकट घोडा चुकून थांबवला गेला तर तो पुढच्या महिन्यात पळेल. दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून संशयाचा फायदा घोड्याला.

मात्र अबूधाबीकरांचा मुद्दा सोडू नका. २०१८ मध्ये अमेरिकेत ट्रायनला जागतिक स्पर्धेत सुरुवातच चुकली, काही स्वार भलत्या वाटेने पाठवले गेले, शर्यत थांबवून नव्याने सुरू केली, आणि दुपारी उष्मा आणि दमट हवेमुळे सगळीच रद्द झाली. एक घोडा दगावला. जगातले नामांकित पशुवैद्य तिथे होते. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, मग डॉक्टर फक्त आजारी घोडे मोजत बसतो. सोडायचं की नाही हा निर्णय पहाटेच घ्यायचा असतो आणि त्यातही पशुवैद्याचा शब्द शेवटचा हवा असं माझं ठाम मत आहे.

बंडूनाना:
डॉक्टर, हे पटलं. खेळाबद्दल माझं मत तेच आहे, पण व्हायचाच असेल तर असा व्हावा.

टापटीप:
डॉक्टर, "संशयाचा फायदा घोड्याला" हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला मान्य, पण तीन डॉक्टरांचं मंडळ लहान राइड्सना पण द्या. त्यावर मात्र मला उत्तर सुचलं नाही, कारण घोड्यांचे डॉक्टर इथेही कमीच पडतात.

खोगीर_आणि_मी:
आमच्याकडे तर एक मिळवतानाच मारामार. डॉक्टर, निदान एवढं सांगा, आम्ही आठ-दहा घोड्यांची २० किमीची राइड ठरवतोय, कमीत कमी काय हवं?

पशुवैद्य_परभणी:
घोड्यांवर काम केलेला एक पशुवैद्य, त्याच्याकडे निर्णयाचा पूर्ण अधिकार, आयोजकाचा फोन आला तरी. स्टेथो, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, ठोके शक्यतो पूर्ण मिनिट मोजा. ४० मीटर सपाट टणक जमीन. सावली आणि भरपूर पाणी. निघण्याआधी, मध्ये आणि शेवटी अशा तीन तपासण्या. हिवाळ्यात ठेवा, पहाटे सुटा. आणि घोडा घरी न्यायला वाहन तयार ठेवा, नाहीतर बाद झालेल्याला लोक चढून बसून परत आणतात.

खोगीर_आणि_मी:
शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात छापून लावते! टापटीप, तुमच्या कार्डाचा नमुना मिळेल का? मोतद्दारांनाही वाचता येईल असं मराठीत हवंय.

टापटीप:
आज रात्री टाकते. ठोके, हिरड्या, कातडी, मानेची शीर, पोटाचे आवाज, पाठ आणि तंग, चाल, एकूण तरतरी, एवढे रकाने. डॉक्टर, टाकल्यावर एकदा नजर घाला.

पशुवैद्य_परभणी:
जरूर. आणि श्वासाचा रकाना राहिला, तो वाढवा.